पिवळी वायर

बदलापूर (पूर्व)
१२ मार्च २००६

दादास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. बदलापूर आणि उल्हासनगर यांच्यामध्ये फक्त अंबरनाथ, पण पत्राला पाच दिवस लागले. पोस्टमन म्हणाला, "मॅडम, भाऊ एवढ्या जवळ राहतो तर फोन का नाही करत?" त्याला काय सांगू? की आमच्यात बोलणं बंद आहे, पत्रव्यवहार चालू आहे? की आमच्या आबांनी आईशी तीन वर्षं चिठ्ठ्यांवरच संसार केला, आणि आम्ही त्यांचीच पोरं?

शपथेचं खापर माझ्यावर फोडू नकोस. गाडी आली त्या दिवशी वंदना झाली, पेढे वाटले, आणि मी एवढंच म्हणाले, "दादा, तू रिक्षानं मागून ये, गाडीत दोनच सीटा आहेत." त्यावर तू सगळ्या सोसायटीदेखत म्हणालास, "दोन सीटांची गाडी घेणाऱ्यानं नातेवाईक आधीच वजा केलेले असतात." मी म्हणाले, यापुढे तुझ्याशी तोंडानं बोलणार नाही. तू म्हणालास, "जो आधी बोलेल तो हरला." दीड वर्ष झालं. मी हरलेली नाही.

आता मुद्दा. जयंतीच्या मिरवणुकीत तुमच्या मंडळापुढे आमची लाल गाडी हवी, हे मंजूर. ज्या गाडीनं नातेवाईक वजा केले तीच आता मंडळाला अधिक झाली, हे मी नोंदवून ठेवलंय. गाडी मैत्रेयी चालवेल. लायसन मिळालंय तिला. उंचीनं माझ्यावर गेलीय बिचारी, म्हणून सीट पार पुढे ओढते आणि पाठीशी उशी घेते. स्टिअरिंग छातीला टेकायचंच बाकी असतं. पण चालवते झकास.

राहिला रेडिओ. गाडी जपानहून आलेली, दहा वर्षांची, आणि कंपनीनं बसवलेला रेडिओही जपानीच. त्याचे आकडे नव्वदला संपतात, आपली स्टेशनं नव्वदच्या पुढे सुरू होतात. नुसती खरखर. कॅसेट घातली तर खातो. तेव्हा तू म्हणतोस तसा कॅम्प दोनच्या त्या टेकचंदकडून बदलून घे. मैत्रेयी रविवारी गाडी आणेल. फक्त रेडिओ बदलायचा, बाकी कशालाही हात नाही. जहाजावर जाताना ह्यांनी बजावलंय, मी परत येईपर्यंत गाडीचा एक स्क्रू कुणी फिरवायचा नाही. ह्यांना मी कळवलेलं नाही. मे महिन्यात आले की गाणं ऐकतील आणि खूश होतील.

यशोधरा

*

उल्हासनगर, कॅम्प ४
२० मार्च २००६

चि. यशोधरेस,
आशीर्वाद आणि जयभीम.

शपथ मी घातली नाही, मी फक्त खेळाचा नियम सांगितला. असो. तुझा रेडिओ बदलला. ऐक आता कसा.

टेकचंदचं दुकान तुला माहीत नाही. दोन माणसं समोरासमोर उभी राहिली तर तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. पण जगातल्या कुठल्याही कंपनीचा माल तिथं मिळतो, फक्त त्या कंपनीला ते माहीत नसतं. आपली गाडी दारात लागली आणि अख्खा बाजार जमला. एक म्हातारा आत डोकावून म्हणाला, "दो सीट? तो बाकी फॅमिली किधर बैठेगी?" बघ, मी एकटा नव्हतो.

टेकचंदनं डॅशबोर्ड उघडला. नव्या डेकचा प्लग जुन्या सॉकेटात बसेना. जपानी सॉकेटचा जोड मागवायला आठवडा लागेल म्हणाला, आणि मग स्वतःच म्हणाला, "छोडो साईं, काट के जोड देते हैं." कापलं. स्पीकर बोलायला लागले. पण डेकला चावी काढल्यावरही थोडा करंट लागतो, नाहीतर तो स्टेशनं विसरतो. ती वायर काही सापडेना. टेकचंद टेस्टर घेऊन घामाघूम. शेवटी मी म्हणालो, हट बाजूला. तीस वर्षं मंडळाचे लाऊडस्पीकर मी लावतोय. डेक कुठल्याही देशाचा असो, काळी म्हणजे अर्थिंग, लाल म्हणजे चावी आणि पिवळी म्हणजे थेट बॅटरी. हे लहान पोराला कळतं.

मग मीच टॉर्च घेऊन आत शिरलो. रेडिओच्या खोबणीच्या मागे, खालच्या अंगाला, एक पिवळी नळी जात होती. अगदी वेगळं कवच घालून, जपून नेलेली. म्हटलं, हीच. टेकचंद जरा थांबला. म्हणाला, "साईं, इसको तो अलग से कव्हर किया है." मी म्हटलं, "म्हणूनच तर. मेन लाइन आहे ती." कवच सोललं, जोड मारला, आणि काय आवाज लागला म्हणून सांगू! समोरचा साबणवाला वजन करायचं विसरला.

एक बारीकसा लाल दिवा तेवढा लागून राहिलाय, वेगाच्या काट्याशेजारी. त्यात एक माणूस खुर्चीत बसलाय आणि त्याच्या पुढ्यात कलिंगड आहे. टेकचंद म्हणाला, नया डेक है, गाडी को पहचानने में टाइम लगेगा. दिवा विझेना, तेव्हा त्यानं त्यावर काळी टेप चिकटवली. गेला दिवा. डेक पहिल्यांदा लावला तेव्हा स्टिअरिंगच्या पोटातून 'टक्' असा आवाज आला, एकदाच. नवी सून आली की घरात एखादं भांडं वाजायचंच.

जुना रेडिओ माझ्या कपाटावर ठेवलाय. तिथंही तो गप्पच आहे. तुझ्या माहेरचं वळण दुसरं काय.

तुझा दादा,
भगवान

*

बदलापूर (पूर्व)
२५ मार्च २००६

दादास,
जयभीम.

आवाज खरंच चांगला आहे. मैत्रेयी इतकी खूश आहे की उगाच बेलवलीपर्यंत जाऊन येते. पण तुला काही गोष्टी लिहायच्या आहेत, आणि आधीच सांगते, हसू नकोस.

एक तर डेक स्टेशनं विसरतोच. चावी काढली की सगळं साफ. मग ती पिवळी वायर बॅटरीची कशी? तूच सांग, तीस वर्षांचा अनुभव तुझा.

दुसरं, तो टक् आवाज एकदाचा नाही. गाडी खड्ड्यातून गेली की येतो. गाणं मोठ्यानं लावलं की येतो. काल मैत्रेयीनं वळण घेताना मी शेजारी होते, तेव्हा स्पष्ट ऐकला. आत कुणीतरी बसलंय आणि बोटं मोडतंय असं वाटलं.

तिसरं म्हणजे तो दिवा. टेप आहे, पण संध्याकाळी पार्किंगमध्ये अंधार असला की टेपच्या कडेनं लाल रेघ दिसते. परवा मी नखानं टेप उचलून पाहिली. तू कलिंगड म्हणालास ते मला कलिंगड वाटलं नाही. मला वाटलं, त्या माणसाच्या तोंडावर काहीतरी येतंय आणि त्याला ते दिसत नाहीये. मी टेप परत दाबून बसवली. मग माझं मलाच कळलं, की मी ती अंगठ्यानं बराच वेळ दाबून धरली होती.

खालच्या मजल्यावरच्या गयाबाई म्हणतात, आधीच्या मालकाचं काहीतरी झालं असेल त्या गाडीत. मी शाळेत पोरांना विज्ञान शिकवते, तेव्हा त्यांना मी चारचौघांत गप्प केलं. पण जिन्यावरून खाली येताना आता गाडीच्या पुढून जात नाही, मागून जाते.

ह्यांना मी त्या दिव्याबद्दल विचारलंय. डेकबद्दल अक्षर नाही, फक्त सहज म्हणून, असं चित्र कशाचं असतं? पत्र कोलंबोच्या एजंटच्या पत्त्यावर परवाच टाकलंय. जहाज तिथं कधी लागतं कुणास ठाऊक. तोवर तू टेकचंदला नीट विचार.

यशोधरा

*

उल्हासनगर, कॅम्प ४
१ एप्रिल २००६

चि. यशोधरेस,

आजची तारीख बघून मला वाटलं तू मला बनवतेस. मग आठवलं, विनोद तुला कधीच जमला नाही.

बाई, तू मास्तरीण. तुझा धंदाच भीतीवर चालतो. पोरांना परीक्षेची दाखवतेस आणि उरलेली घरी आणतेस. टक् आवाज येतो म्हणजे रिले असतो आत, रिले. पंख्याच्या रेग्युलेटरला नसतो का? स्टेशनं विसरतो म्हणजे डेकची मेमरी कच्ची. आणि कलिंगडाचं म्हणशील तर उन्हाळा आहे, खाल्लं पाहिजे.

तरी तू म्हणालीस म्हणून गेलो टेकचंदकडे. त्याला सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, "साईं, लेडीज लोग गाडी में बैठते ही आवाज सुनते हैं." मग चहा पाजला. चहा त्यानं स्वतःच्या खिशातून पाजला, यावरून त्याच्या मनाची स्वस्थता समजून घे.

मैत्रेयीला बारा तारखेला गाडी घेऊन पाठव. तेरा तारखेला फुलं लावायची, रात्र इथंच, चौदाला सकाळी मिरवणूक. आमच्या मंडळापुढे कुणाचा टेम्पो असतो, कुणाचा ट्रॅक्टर असतो. या वर्षी आमच्या भाचीची लाल गाडी, आणि भाची स्वतः स्टिअरिंगवर. आबा असते तर चिठ्ठीवर लिहून दिलं असतं, की मला आनंद झालाय.

भिऊ नकोस. मी आहे ना.

दादा

*

कोलंबो बंदराबाहेर, नांगरावर
४ एप्रिल २००६

प्रिय यशो,

तुझं पत्र आज लाँचनं आलं. आम्हांला उतरायला परवानगी नाही, म्हणून फोन करता येत नाही. आमच्या जहाजावरचा आचारी सुटीवर मुंबईला निघालाय, त्याच्या हाती हे देतोय. तो तिथं पेटीत टाकेल. बाकी सगळं नंतर लिहीन. आधी हे वाच.

तू विचारलंस ते चित्र एअरबॅगचं आहे. स्टिअरिंगच्या मध्ये, जिथं हॉर्न दाबतो तिथं, आत एक घडी घातलेली पिशवी असते. गाडीची टक्कर झाली तर ती फुगून बाहेर येते आणि माणसाचं डोकं झेलते. पण फुगते ती हवा भरून नाही, आत दारूगोळ्यासारखा स्फोट होतो. पापणी लवायच्या आत होतो. माणूस नीट मागे बसला असेल तर वाचतो. स्टिअरिंगला चिकटून बसला असेल तर तीच पिशवी त्याची मान मोडते.

तो दिवा गाडी सुरू करताना क्षणभर लागून विझायला हवा. लागूनच राहत असेल तर आत काहीतरी बिघडलंय. तू सहज विचारलंस म्हणतेस. यशो, तू काहीच सहज विचारत नाहीस. दिवा लागलेला आहे का? रेडिओच्या मागून जाणाऱ्या पिवळ्या कवचातल्या वायरी त्या पिशवीच्या आहेत. पिवळं कवच त्यासाठीच असतं, की कुणी हात लावू नये. तिथं कुणी काही जोडलं असेल तर ती कधीही फुटेल, किंवा कधीच फुटणार नाही. सांगता येत नाही.

गाडीत कुणी बसायचं नाही. चावी लावायची नाही. मैत्रेयी तर मुळीच नाही, ती उशी घेऊन बसते ते मी पाहिलंय.

हे मी आधी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, घरात बाँब नको, गाडी विका. म्हणून फक्त स्क्रू फिरवू नका एवढंच म्हणालो.

तुझा,
हरिचंद्र

*

बदलापूर (पूर्व)
१२ एप्रिल २००६

दादा,

चिठ्ठी मैत्रेयीच्याच हाती देतेय. ती आत्ता निघतेय. ह्यांचं उत्तर अजून नाही. तिला म्हटलं, पत्र येईपर्यंत थांब, तर म्हणते, "आई, जयंती थांबणार आहे का?" तिचंही खरं.

तिला गाणं मोठ्यानं लावू देऊ नकोस. खड्डे चुकवायला सांग. उद्या मला शाळा आहे, चौदाला पहाटे येईन.

मला कसंतरी होतंय. तुला हसायचं असेल तर हस.

यशो

*

उल्हासनगर, कॅम्प ४
गुरुवार, १३ एप्रिल २००६

चि. यशोधराबाई यांस,

तारीख नीट लिहून ठेव. आज दुपारी शेजाऱ्यांच्या नाही, माझ्या स्वतःच्या घरच्या फोनवर तुझा आवाज आला. "हॅलो, दादा—" एवढं ऐकलं आणि मी रिसीव्हर ठेवला. नियमाप्रमाणे पुढचं ऐकायची मला गरज नव्हती. हरलीस! दीड वर्षानं हरलीस, आणि तेही जयंतीच्या आदल्या दिवशी!

लगेच परत घंटी वाजली. मी रिसीव्हर काढून बाजूला ठेवला. विजय जरा चवीनं खायचा असतो. आत्ता मी हे लिहितोय आणि तो टेबलावर पडून टूं टूं करतोय. मला तर ते संगीत वाटतंय.

पोरगी सुखरूप पोचली काल. गाडीला झेंडूच्या माळा लावून झाल्या. खाली गल्लीत तिच्या मागे लागलीय सगळी, "ताई, एक राउंड." ती म्हणते, "मामा, जरा रंगीत तालीम करते." मी तिला म्हटलं, थांब, हे पत्र संपवतो, मग आधी मी स्वतः बसून डेक वाजवून बघतो, मग तू बस.

हे पत्र उद्या तुझ्या हातातच देईन. उद्या पोस्ट बंद.

तुझा विजयी,
दादा

*

उल्हासनगर, सरकारी रुग्णालय
२१ एप्रिल २००६

यशोस,

अक्षर मैत्रेयीचं आहे. माझी दोन्ही मनगटं प्लास्टरमध्ये आहेत. मी सांगतो, ती लिहिते. (आई, मामा ओरडून सांगतोय. त्याला कळत नाहीये की तो ओरडतोय. अख्खा वॉर्ड ऐकतोय. पलीकडच्या खाटेवरचे काका "पुढे?" म्हणाले.)

तू रोज येतेस, माझ्याजवळ बसतेस आणि बोलतेस. ओठ हलतात तुझे. मला फक्त एक शिटी ऐकू येते, सारखी. मी मान हलवतो, ती कळलं म्हणून नाही.

एक गोष्ट तुला चुकीची लिहिली होती. टेकचंद हसला नव्हता. तो म्हणाला होता, "साईं, पीला मैंने नहीं बोला था, आपने बोला था. किसी बडे गॅरेज में दिखा लो." आणि चहा त्यानं पाजला नाही, मी पाजला, त्यानं हे कुणाला बोलू नये म्हणून. गॅरेजमध्ये मी गेलो नाही. तिथल्या माणसासमोर मला म्हणावं लागलं असतं, की पिवळी मी दाखवली.

त्या दिवसापासून मला तो टक् आवाज घरात ऐकू यायला लागला. जेवताना, दाढी करताना. पोरगी गाडी घेऊन आली तेव्हा मी माळा लावायच्या निमित्तानं टेप उचलून पाहिली. तो माणूस होताच तिथं. तू म्हणालीस तसं, त्याला दिसत नव्हतं. डेक वाजवून बघायला बसतो म्हणून लिहिलं होतं ना? डेक मला बघायचा नव्हता. मला वाटलं, जे काय व्हायचं ते माझ्या वेळेला होऊन जाऊ दे. सीट मागे करायची असते हे मला ठाऊक नव्हतं. पोरीच्याच जागेवर बसलो, तिचीच उशी घेऊन. माझं पोट स्टिअरिंगला लागत होतं. (मला म्हणाला होता, तुझी सीट मऊ आहे का बघतो. मी हसले होते.)

चावी फिरवली. काही झालं नाही. गाणं लावलं. काही झालं नाही. जरा श्वास सोडला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी तू रिक्षातून उतरलीस आणि धावत सुटलीस. पदर कुठे, चप्पल एकच. तोंड उघडं. मी तुझा भाऊ, मला वाटलं, फोनवर हरली, आता तोंडावर दुसऱ्यांदा हरायला आली. म्हटलं, हिचा आवाजच ऐकायचा नाही. म्हणून हॉर्न दाबला. दोन्ही हातांनी.

पांढरं झालं सगळं. नंतर झेंडूची फुलं वरून पडत होती आणि आवाज कशालाच नव्हता.

डॉक्टर म्हणाले, म्हणजे कागदावर लिहिलं, की पोट मध्ये होतं म्हणून मान वाचली. पोटाबद्दल तू आजवर जे जे बोललीस ते मागे घे. त्यांनी असंही लिहिलं, की त्या जागी ती असती तर. पुढचं त्यांनी लिहिलं नाही.

मैत्रेयी समोर बसून हे लिहितेय. मी अधूनमधून तिच्या हाताला कोपर लावून बघतो. ती आहे.

आता मला एवढंच कळव. फोनवर तू पुढे काय म्हणणार होतीस? आणि गल्लीत काय ओरडत होतीस? सगळ्या गल्लीनं ऐकलं, मी सोडून.

दादा

*

बदलापूर (पूर्व)
२३ एप्रिल २००६

दादा,

ह्यांचं पत्र तेराच्या दुपारी शाळेतून आले तेव्हा दाराखाली पडलं होतं. फोनवर म्हणणार होते, "दादा, पोरीला गाडीत बसू देऊ नकोस." गल्लीत आले तेव्हा काचेतून आत कोण आहे ते दिसेना, ऊन पडलं होतं त्यावर. लाल गाडी दिसली आणि मी "मैत्रेयी, उतर" म्हणून ओरडत होते. मग ती मला गाडीबाहेर, शेंगदाणे खाताना दिसली. तेव्हा आत तू आहेस हे कळलं. त्यानंतर मी फक्त "दादा" म्हणाले. उतर म्हणायला वेळ मिळाला नाही.

आणि क्षणभर, दादा, ती बाहेर आहे हे बघून मला बरं वाटलं होतं. तू आत आहेस हे कळूनही. हे तुला ऐकू येत नाही म्हणून लिहू शकतेय.

गाडीची बॅटरी काढली. परवा ओढून नेली. ती कशी नेली, कुठे नेली, विचारू नकोस. ह्यांचा कोचीनहून फोन आला होता. मी बोलले, ते रडले.

कान तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, उजव्याचं सांगता येत नाही. डावा येईल, हळूहळू, आधी जवळचे आवाज. मी उद्याही येतेय, आणि येत राहणार आहे. तुझ्या डाव्या अंगाला ती लोखंडी खुर्ची आहे ना, फळांची पिशवी असते ती, तेवढी रिकामी करून ठेव.

मला जागा लागेल.

यशो